मशीन पाहून घेतलेली जुनी घड्याळे: उन्हाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

जुनी यांत्रिक घड्याळे जमवताना बहुतेक जण आधी नाव पाहतात, मग तबकडी. मी या संग्रहाची सुरुवात झाकणाच्या आतल्या मशीनपासून केली. रचनेत आधीच्या मशीनपेक्षा खरोखर वेगळे असेल तरच पुढचे घड्याळ घ्यायचे आणि घेतलेले प्रत्येक घड्याळ सर्व्हिसिंग करून रोजच्या वापरात ठेवायचे, एवढाच नियम होता. त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला आणि उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरात चार वेगवेगळ्या विचारांनी बनलेली मशीने मनगटावर नीट पारखता आली.

पहिला मान एचएमटीच्या ०२३१ या मशीनला. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि ०२३१ ची मूळ आखणीही सिटिझनचीच आहे. १७ ज्वेल (झीज कमी करणारी माणके), तासाला १८,००० ठोके आणि रोज चावी देण्याची गरज, असे हे साधे मशीन ‘जनता’ आणि ‘पायलट’ या मॉडेलांत सापडते. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी देऊन होते आणि घड्याळ दुसऱ्या सकाळपर्यंत निर्धास्त चालते. सर्व्हिसिंगनंतर ते दिवसाला काही सेकंद पुढे जाऊ लागले. त्यावर घड्याळजींनी सांगितलेला उपाय मी आजही करतो: रात्री घड्याळ तबकडी वर करून सपाट ठेवायचे की चावीच्या बाजूवर उभे ठेवायचे, हे त्या दिवशीचा फरक पाहून ठरवायचे. उभ्या स्थितीत बॅलन्सच्या (मागेपुढे डोलून वेळ मोजणाऱ्या चाकाच्या) टोकांवरचे घर्षण वाढते आणि गती किंचित बदलते, त्यामुळे दिवसभरात साचलेला फरक रात्रीत बराचसा भरून निघतो. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी या मशीनचे सुटे भाग अजून मिळतात आणि तालुक्याच्या गावातला जुना घड्याळजीही ते डोळे मिटून खोलतो. नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिको ७००९ हे ऑटोमॅटिक मशीन मला सर्वांत जास्त आवडले आणि त्याचे कारण तारीख-वाराची सोय नसून त्यातली ‘मॅजिक लिव्हर’ आहे. रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन) कोणत्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंगला चावी मिळावी, यासाठी इतरत्र उलटसुलट फिरणाऱ्या चाकांची जोडी वापरतात. सिकोने १९५९ पासून वापरलेल्या या युक्तीत इंग्रजी व्ही अक्षरासारखी एकच पातळ पट्टी असते. तिचा एक हात दातेरी चाकाला ओढतो, तर दुसरा ढकलतो. झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून रोटर बोटाने हळूच हलवला, तेव्हा दोन्ही दिशांना ते चाक एकाच बाजूला टकटक सरकताना दिसले आणि इतक्या थोड्या भागांत एवढे काम साधणाऱ्या कारागिरांविषयी मनात आदर दाटून आला. या मशीनला हाताने चावी देता येत नाही. सुट्टीच्या दिवशी घड्याळ काढून ठेवले तर सोमवारी ते हलवून चालू करावे लागते आणि तारीख पुन्हा लावावी लागते. बैठे काम करणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

मॉस्कोच्या ‘दुसरा घड्याळ कारखाना’ याच नावाच्या कारखान्यातल्या स्लावा २४२८ मध्ये एकाऐवजी दोन मेनस्प्रिंग (घड्याळाला जोर पुरवणाऱ्या मुख्य स्प्रिंगा) आहेत. एका जाड स्प्रिंगचे काम दोन बारीक स्प्रिंगांत वाटून दिल्यामुळे चाकांना मिळणारा जोर अधिक एकसारखा राहतो. चावी देतानाचा मऊपणा बोटांना लगेच जाणवतो. अडचण दुरुस्तीची आहे. हे मशीन पूर्वी हाताळलेले नाही, असे सांगून दोन घड्याळजींनी ते प्रामाणिकपणे परत केले आणि तिसऱ्यांनी घेतले तेव्हा वेळ बराच लागला.

चौथे घड्याळ पिन-लिव्हर प्रकारचे आहे. कष्टकऱ्याला परवडेल असे घड्याळ जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी १८६७ मध्ये बाजारात आणले. चाकांची गती ठोक्याठोक्याने अडवून सोडणाऱ्या माणकाच्या पॅलेटऐवजी पोलादी पिना वापरण्याची ही पद्धत त्यांच्याच नावाशी जोडली गेली. पिना झिजतात, अचूकता कमी असते आणि आवाज इतका ठसठशीत असतो की ते रात्री उशाशी ठेवता येत नाही. रोज वापरण्यासाठी मी ते सुचवणार नाही. माणकांनी नेमके काय साधले, हे समजण्यासाठी मात्र ते जवळ असावे.

खरेदीबाबत एक इशारा आवर्जून देतो. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइनही नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळे मुबलक असतात. अक्षरे जाड, मिनिटांच्या रेघा काट्यांशी न जुळणाऱ्या आणि रंग मूळ मॉडेलात कधीच नसलेला, ही त्यांची लक्षणे. विक्रेत्याकडे आतल्या मशीनचा स्वच्छ फोटो मागावा. सिकोच्या झाकणावरील मॉडेल क्रमांकाचे पहिले चार अंक मशीनचे असतात. ते रोटरवरच्या क्रमांकाशी जुळत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. सर्व्हिसिंगचा खर्च अनेकदा घड्याळाच्या किमतीइतका होतो, म्हणून तो पहिल्याच हिशेबात धरावा.

पावसाळ्यात ही चारही घड्याळे बाहेर नेली नाहीत, कारण जुन्या सीलवर विसंबणे धोक्याचे असते आणि आत शिरलेला दमटपणा चावीच्या दांड्याला प्रथम गंज आणतो. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळही घड्याळ ठेवू नये. हेअरस्प्रिंग (बॅलन्सला डोलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ अचानक बरेच पुढे धावू लागते. घड्याळजीकडे यावर काही मिनिटांचाच इलाज असतो.

सध्या फेवर-लुबा या स्विस कंपनीचे २५१ हे मशीन शोधतो आहे. त्यातही दोन मेनस्प्रिंग आहेत, पण मशीन अतिशय पातळ आहे. मूळ तबकडीचे घड्याळ मिळाले की ते स्लावासोबत आलटून पालटून वापरणार आहे.