आमच्या भागातील वीज दुरुस्ती सेवा: खांबावर कोण चढतो आणि सही कोण करतो

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर माझा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. वीज गेल्यामुळे ड्रायर मध्येच बंद पडला की काजूगरावरचे सालपट नीट सुटत नाही, सोलताना तुकडा वाढतो आणि मालाचा भाव पडतो. त्यामुळे वीज केव्हा गेली, तक्रार कधी नोंदवली आणि दुरुस्तीला कोण आले, याची नोंद मी अनेक वर्षे एका वहीत ठेवत आलो आहे. त्या नोंदींच्या आधारे हा अभिप्राय लिहीत आहे.

सेवा म्हणून ती समाधानकारक आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १९१२ वर फोन लागतो, तक्रार क्रमांक मिळतो, आणि डीपीवरचा, म्हणजे वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला असेल तर दिवसा तास-दोन तासांत माणूस दारात येतो. पावसाळ्यातल्या रात्रींना हा हिशेब लागू होत नाही, पण कोकणातल्या झाडीतून गेलेल्या लाईनकडून तशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही.

दारात येणारा हा माणूस बहुतेक वेळा कंत्राटी असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडपर्यंत खांब आडवे झाले, तेव्हाही आमच्या वाडीत सिमेंटचे खांब दोरांनी ओढत, खांद्यावर घेत चिखलातून वर नेणारी मुले ठेकेदाराचीच होती. आमच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून आमच्या भागाकडे येणाऱ्या लाईनवर, सध्या काम करणारा तरुण नऊ वर्षे इथे आहे. या काळात ठेकेदार तीनदा बदलला, कायम तंत्रज्ञ बदलीने आले आणि गेले, पण कोणत्या वळणावरचा इन्सुलेटर पहिल्या पावसात दगा देतो आणि कोणत्या बागेतली फांदी दरवर्षी लाईनला टेकते हे ज्याच्या डोक्यात पक्के आहे तो हाच तरुण. नवा ठेकेदार आला की त्याची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. पगार दोन-दोन महिने रखडतो. रबरी हातमोजे फाटले तर नवे मिळेपर्यंत तो तेच वापरतो.

एवढ्यावरून ‘काम कंत्राटी करतात आणि कायम कर्मचारी पगार घेतात’ असे म्हणणे सोपे आहे, आणि मीही बरीच वर्षे तसे म्हणत होतो. गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीने मला ते मत दुरुस्त करावे लागले.

त्या रात्री ११ केव्ही (११ हजार व्होल्टच्या) लाईनवर आंब्याची फांदी पडून जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा, तुटला होता. कंत्राटी तरुण आणि निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले कायम तंत्रज्ञ असे दोघे आले. तरुण त्यांना काका म्हणतो. त्याने सेफ्टी बेल्ट कमरेला आवळला आणि विचारले, “काका, परमिट मिळालं ना? चढू का?” परमिट म्हणजे सबस्टेशनने फीडर बंद करून, काम संपेपर्यंत तो चालू होणार नाही अशी दिलेली नोंद. ते काकांच्या नावावर मिळाले होते. फोनवरून साहेब घाई करत होते आणि मीही, कबूल करतो, ड्रायरमधल्या मालाच्या काळजीने घाई करत होतो. काका मात्र म्हणाले, “फीडर बंद आहे, पण दोन्ही बाजूंना अर्थिंग झाल्याशिवाय माझा माणूस वर जाणार नाही. साहेब, उशीर झाला तर माझं नाव लिहा.” अर्थिंग म्हणजे लाईन जमिनीला जोडणे; मग चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरते.

मग दोघेही लाईनच्या कडेने पुढच्या डीपीपर्यंत चालत गेले. तिथे एका लॉजचा जनरेटर चेंजओव्हर स्विच, म्हणजे जनरेटर चालू असताना तो बाहेरच्या लाईनपासून तोडणारा स्विच, न बसवताच चालू होता. अशा जनरेटरची वीज डीपीतून उलटी गेली की ११ हजार व्होल्ट होऊन बंद समजल्या जाणाऱ्या लाईनवर उतरते. जनरेटर बंद करून, लाईनमध्ये उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावून, दोन्हीकडे अर्थिंग होईपर्यंत पाऊण तास गेला. त्यानंतर तो तरुण भर पावसात, दातांत टॉर्च धरून वर गेला, डाव्या हाताने आडव्या लोखंडी चॅनेलला धरून उजव्या हाताने जंपरची तार पिळत राहिला, आणि खाली उतरला तेव्हा त्याची बोटे सरळ होत नव्हती. काका तोपर्यंत खांबाच्या बुंध्याशी उभे होते आणि त्यांची नजर एकदाही वरून हलली नाही.

घाम कोणी गाळला, याचे उत्तर उघड आहे. पण त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे साहेबांना दिलेला नकार, आणि तो देणे काकांना शक्य होते, कारण त्या नकारामुळे त्यांची नोकरी जाणार नव्हती. मी नंतर त्या तरुणाला विचारले, काका नसते तर तू थांबला असतास का? तो म्हणाला, “दादा, नाही म्हटलं तर उद्या ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी मी तक्रारीची स्थिती पाहिली. काम करणाऱ्याच्या रकान्यात फक्त काकांचे नाव होते. खांबावर चढलेल्या माणसाची त्या नोंदीत खूणही नव्हती, आणि उद्या त्याला अपघात झाला तर तो कामावर होता हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या घरच्यांना माझ्यासारख्याची वही शोधत यावे लागेल.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये, कंत्राटी पद्धतीवर बंदी घालताना सरकारने काय पाहावे, हे सांगितले होते: काम उद्योगासाठी आवश्यक आहे का, ते बारमाही आहे का, एरवी ते कायम कामगारांकडून करून घेतले जाते का, आणि पूर्णवेळ माणसे लागतील एवढे ते आहे का. वीज वितरणात लाईन दुरुस्तीचे काम या चारही प्रश्नांना ‘होय’ असेच उत्तर देते. सारख्या कामाला सारखे वेतन, ही अटही त्या कायद्याखालील नियमांत होती.

म्हणून दुरुस्तीच्या वेगाला आणि कौशल्याला मी पाचपैकी चार गुण देतो, आणि ज्या पद्धतीने ही माणसे ठेवली आहेत तिला एकही देत नाही. तक्रार बंद करताना खांबावर चढलेल्याचे नाव नोंदवावे, एवढी मागणी मी वीज कंपनीच्या उपविभागाकडे लेखी दिली आहे. ग्राहकांना माझी विनंती अशी की जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच आधी बसवून घ्यावा, आणि वायरमन आल्यावर ‘किती वेळ लागेल’ हे विचारण्यापूर्वी ‘परमिट आणि अर्थिंग झालं का’ हे विचारावे. मी आता तसेच विचारतो, आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर साहेबांना फोन मीच लावतो.