फेंगशुईवाल्या सरांनी आमचे 50,700 रुपये कसे नेले

लिहू की नको करता करता सहा महिने गेले, कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेली बाई मी, आणि हॉलच्या कोपऱ्यात तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक ठेवून त्याचं तोंड घराच्या आतल्या बाजूलाच आहे ना हे रोज सकाळी चेक करत होते. पण परवा बिल्डिंगमधल्या एका काकूंनी लिफ्टमधे विचारलं, "अगं ते घराची एनर्जी बघणारे आलेले ना तुझ्याकडे, नंबर दे ना जरा." तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आम्ही डोंबिवलीत राहतो, टू बीएचके, लोन चालू. 2023 च्या ऑगस्टमधे ह्यांच्या कंपनीने अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. मुलगी बारावीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, दिवाळीत फराळसुद्धा निम्माच केला. अशात मोबाईलवर एक रील आली, "विना तोडफोड वास्तुदोष निवारण, फेंगशुईने घराची एनर्जी रिफ्रेश करा, पहिलं चेकअप फ्री". मी नंबर दिला. नंतर कळलं की चेकअप फ्री असतं ते फोनवरचं, घरी यायचे 2,100.

आता हे नीट वाचा, कारण खरी गंमत इथेच आहे. आधी एका मुलीचा फोन आला, खूप गोड बोलणारी, म्हणे अपॉइंटमेंटसाठी फॉर्म भरायचाय. जन्मसाल विचारली, घरात कोण कोण, कुणाला काय आजार, लोन कुठल्या बँकेचं, नोकरी का गेली, झोप लागते का. पाऊण तास बोलले मी तिच्याशी. कुणीतरी ऐकून घेतंय म्हणून मन मोकळं केलं. आठवड्याने सर आले, पांढरा कुर्ता, गळ्यात स्फटिकाची माळ. हॉलच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "या घरात मोठ्या बाईमाणसाला गुडघ्यांचा त्रास आहे. आणि कर्त्या पुरुषाचं काम अचानक थांबलंय." सासूबाईंनी तिथेच हात जोडले! माझ्या अंगावर काटा आला. मीच सांगितलेलं मलाच परत ऐकवतायत हे तेव्हा डोक्यात आलंच नाही, कारण फोनवर बोललेली ती मुलगी आणि हे सर ही दोन वेगळीच माणसं वाटत होती.

मग त्यांनी बॅगेतून एक मूठ काढली, तिला दोन सळ्या. घरभर फिरले, बाथरूमपाशी सळ्या फाकल्या. म्हणाले घराची एनर्जी किमान 6,500 बोविस (हे त्यांचं एनर्जी मोजायचं एकक) हवी, तुमची 3,800 आहे. आता त्या सळ्यांना ना काटा ना डिस्प्ले, मग 3,800 हा आकडा वाचला कुठून? माझ्या लेकीने हा प्रश्न विचारला, पण सहा महिन्यांनी.

नंतर निघालं लो-पान. म्हणजे चिनी होकायंत्र, मधे सुई आणि भोवती चिनी अक्षरांची वर्तुळं. त्यात 360 अंशांचे 24 भाग असतात, 15-15 अंशांचे, आणि दाराचं तोंड कुठल्या भागात येतं त्यावर सगळा चार्ट बसतो. सरांनी ते धरलं आमच्या लोखंडी सेफ्टी डोअरला जवळजवळ टेकवून. लोखंडाजवळ सुई फिरते हे शाळेतलं पोरगंही सांगेल, मी पण शिकलेय, पण तेव्हा मी चहा टाकायला गेले होते. पुढे लेकीने मोबाईलवरच्या होकायंत्राने दारात आणि खाली पार्किंगमधे मोकळ्यावर असं दोन्हीकडे मोजलं तर 20 अंशांच्या वर फरक. म्हणजे त्यांचं शास्त्र खरं धरलं तरी चार्ट दुसऱ्याच घराचा!

कुआ नंबर हा अजून एक प्रकार. माझं साल 1982, म्हणून 8 आणि 2 दहा, दहाचे झाले 1, बायकांना त्यात 5 मिळवायचे, आला 6. ह्यांचं 1978, 7 आणि 8 पंधरा, पंधराचे 6, पुरुषांचे 10 मधून वजा करायचे, आले 4. सहा म्हणजे पश्चिम गट आणि चार म्हणजे पूर्व गट, त्यामुळे आम्हा नवराबायकोची एकही शुभ दिशा कॉमन नाही म्हणे. यांना सगळ्यात चांगली उत्तर, तेव्हा यांनी उत्तरेला डोकं करून झोपायचं. सासूबाई एकदम उसळल्या, "अहो उत्तरेला डोकं म्हणजे यमाकडे पाय! आमच्याकडे मेलेल्या माणसाला ठेवतात तसं." सर हसले, म्हणाले माताजी, ते वास्तु, हे फेंगशुई. आणि दहाच मिनिटांनी तेच सर म्हणतात, ईशान्येला तुमचं बाथरूम आहे, हा महादोष. अहो, तो वास्तुवाला दोष! म्हणजे वास्तुमधे सापडलं तर वास्तु, नाही सापडलं तर चीन. दोन्ही दुकानं एकाच बॅगेत असल्यावर कुठलं घर सुटणार?

घाई कशी करायला लावली ते पण सांगते. फेंगशुईत 20-20 वर्षांचे काळ मानतात आणि 4 फेब्रुवारी 2024 पासून नववा काळ सुरू होणार होता, 2043 पर्यंतचा. हे त्यांच्या शास्त्रात खरंच आहे, त्यांनी बनवलेलं नाही. पण सर म्हणाले त्याआधी उपाय नाही केले तर हीच एनर्जी 20 वर्षं लॉक होईल. 20 वर्षं नोकरी नाही, असा अर्थ आम्ही काढला. त्यांनी तसं एकदाही म्हटलं नाही हं, हे पण लक्षात घ्या.

मग पैसे. लाफिंग बुद्धा स्वतः विकत घेतला तर लाभत नाही, भेटच मिळावा लागतो, हे तुम्ही पण ऐकलं असेल. सर म्हणाले मी तुम्हाला भेट देतो, तुम्ही मला फक्त दक्षिणा द्या, 3,100. (आणि तो गौतम बुद्ध नाहीच, तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू, पण आमच्या सासूबाई त्याला अगरबत्ती ओवाळायच्या.) बेडूक, सहा नळ्यांचा विंडचाइम, लाल रिबिनीतली नाणी, पिरॅमिड, स्फटिकाचा गोळा आणि लकी बांबू असं किट 27,500. पिरॅमिडचा आणि चीनचा काय संबंध ते विचारू नका. तो लकी बांबूही बांबू नाही, ड्रसीना नावाचं आफ्रिकेतलं झाड आहे. शेवटी त्यांचा माणूस आला, बाथरूमच्या दारातली लादी कटरने कापून पितळेची पट्टी बसवून गेला, 18,000. विना तोडफोड! हे सगळे पैसे मी माझ्या आरडीतून काढले. यूपीआयने, कुणाच्यातरी पर्सनल नंबरवर, बिल मागितलं तर म्हणे एनर्जीचं बिल नसतं.

दोन महिने काही झालं नाही. फोन केला तर विचारलं, बेडकाचं तोंड हललं का? विंडचाइमला घाणेरडा हात लागला का? घरात भांडण झालं का? आता नोकरी नसलेल्या घरात भांडण होणारच ना, आणि उपायांवर 50 हजार गेल्यावर तर जास्तच. पण चूक आमची ठरली आणि मी खरंच तसंच मानायला लागले, लेकीवर ओरडले विंडचाइमला हात लावला म्हणून. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मे महिन्यात ह्यांना एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने पुण्यात नोकरी लागली, तर सरांचा मेसेज, "अभिनंदन, एनर्जी ॲक्टिव्हेट झाली, आता फेज टू करूया." त्यांना कुणी कळवलं? सासूबाईंनी, पेढ्याच्या फोटोसकट.

फेज टूचे 35,000 ऐकल्यावर मी त्यांचा पहिला रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचायला बसले, 22 पानांची पीडीएफ. अकराव्या पानावर लिहिलेलं, "दुकानाच्या गल्ल्याचं तोंड उत्तरेकडे करावे आणि गोडाऊनमधील जुना माल काढावा." आमचं दुकान नाही. कधीच नव्हतं.

सामान परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं की त्यात आता तुमची एनर्जी मिसळलीय, दुसऱ्याला देता येत नाही. पोलीस स्टेशनला गेलो, तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण जादूटोणाविरोधी कायद्यात वास्तुशास्त्राचा सल्ला वगळलेलाच आहे, त्यामुळे त्या वाटेने काही होणार नव्हतं. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, आणि तक्रार क्रमांक, यूपीआयचे स्क्रीनशॉट, अकरावं पान असं सगळं सरांना पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्याच गोड मुलीचा फोन, 15,000 परत देतो, विषय संपवा. आम्ही घेतले. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण हे पुण्याला, लेकीची ॲडमिशन, माझ्यात दम नव्हता. तुमच्यात असेल तर जा, फक्त चॅट डिलीट करू नका.

काकूंना नंबर दिला नाही, हा सगळा किस्सा सांगितला. त्या म्हणाल्या, "पण नोकरी लागली ना शेवटी?" काय बोलणार. बेडूक आता लेकीच्या टेबलावर नोट्स उडू नयेत म्हणून ठेवलाय, विंडचाइम कधीच काढला. पितळेची पट्टी मात्र तशीच आहे, ती काढायला परत लादी फोडावी लागेल, आणि एका कडेने ती जरा वर आलीय, रोज लादी पुसताना फडकं नेमकं तिथेच अडकतं.