कुणबी हातमागाच्या नावाखाली छापील टेबलमॅट

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात घराघरांत नव्या वस्तूंची खरेदी होते आणि नेमके त्याच दिवसांत हातमागाच्या नावाखाली छापील माल विकणारे लोक स्टॉल मांडतात. म्हापशाकडच्या एका प्रदर्शनातून मी जेवणाच्या टेबलासाठी सहा टेबलमॅटचा संच घेतला. लाल-पांढऱ्या चौकटी, अगदी भातशेतीत राबणाऱ्या बायकांच्या कुणबी कापडासारख्या. "वहिनी, आमच्याच विणकरांनी मागावर विणलंय, शुद्ध सुती," असं विक्रेता ठामपणे सांगत होता. हातात दिलेला नमुना खरंच जाड, सुती होता. संच मात्र स्टॉलच्या आतून सीलबंद पुडक्यात आला.

घरी पुडकं फोडलं तर वरची बाजू लालभडक आणि उलटी बाजू फिकट. म्हणजे चौकटी विणलेल्या नव्हत्याच, छापलेल्या होत्या. विणलेली चौकट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. कडेचा एक धागा ओढून पेटवला, तर तो वितळून काळा कडक मणी झाला. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. खाली प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला होता. खतखत्याचं गरम भांडं ठेवलं तेव्हा तो मऊ होऊन टेबलाच्या पॉलिशलाच चिकटला. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं लाल! सासऱ्यांनी हौसेने करून घेतलेलं शिसवी टेबल, त्यावर आता आयताकृती डाग आहे. पैशांपेक्षा त्याचं वाईट वाटतं.

मापही खोटं. बारा बाय अठरा इंच सांगितलं होतं, निघालं त्याहून बरंच लहान. ताट ठेवलं की वाटी आणि पेला बाहेरच. मॅट घेताना घरातलं ताट मापून जा आणि माणशी साधारण दोन फूट जागा धरा. टेबल गोल असेल तर आयताकृती मॅटचे कोपरे कडेबाहेर लोंबतात, ते वेगळंच.

मला राग याचा आहे की कुणबी विणकाम गोव्यात जवळजवळ बुडालं होतं, मोजके लोक ते मोठ्या कष्टाने परत उभं करताहेत, आणि त्यांच्याच नावावर हा माल खपवला जातो. हातमागाचं असल्याचा दावा कुणी केला तर अस्सल हातमागाच्या मालाला २००६ पासून मिळणारं सरकारी हातमाग चिन्ह (हँडलूम मार्क) दाखवायला सांगा. पुडकं दुकानातच उघडून घ्या, नमुन्यावर भुलू नका.

बिल मागितलं तेव्हा "प्रदर्शनात बिल नसतं" असं ऐकवण्यात आलं. ते खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे यूपीआयवरून दिल्यामुळे व्यवहाराची नोंद तरी हाती आहे. विक्रेता आता फोन उचलत नाही. नोंदीचा स्क्रीनशॉट आणि उलट्या बाजूचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. त्या प्रदर्शनातून असाच संच कुणी घेतला असेल तर त्यांनीही नोंदवावी.