ट्यूबलाइट, सीएफएल की एलईडी : बंद-चालूच्या हिशोबाने केलेली तुलना

घरातील एखादी ट्यूब फडफडू लागली किंवा सीएफएल गेला, की पुन्हा तोच प्रकार आणावा की या निमित्ताने एलईडीकडे वळावे, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. वॅट, ल्युमेन आणि प्रकाशाची छटा हे सारे खोक्यावर छापलेले असतेच, त्यामुळे त्याची उजळणी येथे करत नाही. मी तिन्ही प्रकार घरात वापरले आहेत. माझा कल एका बाजूला झुकलेला आहे हे आधीच सांगून टाकतो. मात्र तो झुकला तो खोक्यावरच्या आकड्यांमुळे नव्हे, तर वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका त्रासामुळे.

फ्लुरोसेंट दिवे, म्हणजे ट्यूब किंवा सीएफएल, असलेल्या घरात दोन सूचना कायम ऐकू येतात. पहिली, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, वीज वाया जाते. दुसरी, सारखे बंद-चालू करू नका, ट्यूब लवकर जाते. या दोन्ही सूचना करणारी माणसे बहुधा एकाच घरातील असतात आणि पंचाईत अशी की दोघांचेही म्हणणे बरोबर असते. वीज वाचवावी तर दिव्याचे आयुष्य घटते आणि दिवा जपावा तर मीटर फिरत राहतो. बटणाकडे हात नेताना दर वेळी हा विचार करावा लागणे, हाच तो त्रास.

याचे कारण नळीच्या टोकांत आहे. ट्यूब असो की सीएफएल, दोन्ही टोकांना टंगस्टनच्या बारीक तारेची गुंडाळी असते आणि तिच्यावर बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. या लेपामुळे इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात आणि नळीतील पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह वाहू लागतो. दिवा सुरू होण्याच्या क्षणी या लेपाचे थोडे कण उडतात. जुन्या नळीच्या टोकांशी दिसणारी काळी कडी म्हणजे बव्हंशी हेच उडालेले द्रव्य होय. एका टोकाचा लेप संपला की नळीतील पारा आणि आतील पांढरी भुकटी दोन्ही शाबूत असूनही ट्यूब पेटत नाही, नुसती लुकलुकत राहते. म्हणजे ही नळी जितकी जळून झिजते, तितकीच, काही खोल्यांत तर त्याहूनही अधिक, पेटवून झिजते.

खोक्यावरचे आयुष्य वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सीएफएलवर साधारणपणे 6000 ते 10000 तास लिहिलेले असतात, चांगल्या ट्यूबवर 15000 किंवा अधिक. परंतु ही चाचणी पावणेतीन तास चालू आणि पाव तास बंद अशा चक्राने घेतलेली असते आणि चाचणीतील निम्मे दिवे ज्या वेळेपर्यंत गेलेले असतात, तो आकडा छापला जातो. स्नानगृहातील दिवा पावणेतीन तास सलग कोण चालू ठेवते? पाच-पाच मिनिटांच्या वापरात सीएफएलचे आयुष्य इतके घटू शकते की जुन्या पिवळ्या बल्बाच्या 1000 तासांची आठवण व्हावी. बटण दाबल्यावर किंचित थांबून लागणारा सीएफएल त्यातल्या त्यात बरा, कारण तो आधी तार तापवून घेतो आणि मग पेटतो. झटकन लागणारा दिसायला चलाख असला तरी थंड तारेवरच झटका घेतो. अर्थात हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते.

आता विजेची बाजू. ट्यूब पेटताना भरमसाट वीज ओढते, म्हणून ती चालूच ठेवलेली बरी, हा समज अजूनही टिकून आहे. पेटतानाचा तो जोर क्षणभराचा असतो आणि त्यात खर्च होणारी वीज फार तर काही सेकंदांच्या वापराइतकी असते. तेव्हा विजेचा विचार केला तर बंद करणे केव्हाही फायद्याचेच. प्रश्न फक्त झिजेचा उरतो. त्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने सीएफएलकरिता एक ढोबळ मर्यादा सांगितली होती : खोलीत पंधरा मिनिटांच्या आत परतायचे असेल तर दिवा राहू द्यावा, त्याहून अधिक वेळ लागणार असेल तर बंद करावा. सल्ला शहाणपणाचा आहे. पण खोलीतून उठताना आपण किती मिनिटांनी परतणार हे सांगता येणारी माणसे माझ्या घरात तरी नाहीत.

शिवाय या सगळ्या काळजीतून हाती काय लागते, तेही पाहण्यासारखे आहे. 15 वॅटचा सीएफएल दहा मिनिटांसाठी बंद केला तर अडीच वॅट-तास वाचतात. एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तास, वाचवायला असे 400 वेळा बंद करावे लागेल, म्हणजे 400 वेळा पुन्हा पेटवावेही लागेल. दिव्याच्या टोकांना ते महागात पडते.

स्नानगृह, जिना, अडगळीची खोली या जागा मला म्हणूनच निर्णायक वाटतात. तेथे सीएफएलचा आणखी एक दोष उघडा पडतो. बटण दाबल्यावर तो आधी मंद, किंचित गुलाबीसर उजेड देतो आणि पूर्ण तेजाला यायला अर्ध्या मिनिटापासून दोनेक मिनिटे घेतो. थंडीत त्याहून जास्त. जिन्याच्या पायऱ्या दिसण्यासाठी दिवा लावावा आणि आपण वर पोहोचल्यावर तो उजळावा, याला सोय म्हणणे कठीण आहे. एलईडी येथे निर्विवाद सरस आहे. तो लगेच पूर्ण उजेड देतो आणि घरगुती बंद-चालूने त्याच्या आयुष्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मात्र अशा जागी त्याने वीज फार वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये. रोज अर्धा तास लागणाऱ्या दिव्यात 15 वॅटच्या जागी 9 वॅट आले तर वर्षाला जेमतेम 1 युनिटचा फरक पडतो. येथे बदल करायचा तो निश्चिंतपणे बटण दाबता यावे म्हणून.

बैठकीच्या खोलीत नेमके उलटे होते. संध्याकाळी लावलेली ट्यूब रात्री झोपतानाच बंद होत असल्याने तिची टोके फारशी झिजत नाहीत आणि ती वर्षानुवर्षे टिकते. पण 36 वॅटच्या नळीबरोबर जुना तांब्याच्या तारेचा चोक (नळीतील प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) असेल तर तोही 8-10 वॅट खातो. एकूण 45 वॅट धरून रोज 6 तासांचा हिशोब केला, तर वर्षाला सुमारे 98 युनिट होतात. 20 वॅटच्या एलईडी बॅटनला (ट्यूबसारखाच लांब, पट्टीसकट येणारा एलईडी दिवा) 44 च्या आसपास पुरतात. म्हणजे जी नळी सर्वांत उत्तम टिकते, तीच बदलल्याने बिल सर्वांत जास्त उतरते. चालू स्थितीतील वस्तू काढून ठेवायला मन तयार होत नाही, हे मला मान्य आहे. माझेही सहजासहजी झाले नव्हते.

ट्यूबच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. तिचा उजेड नळीच्या चहूबाजूंना पडतो, त्यामुळे छतही उजळते आणि सावल्या मऊ राहतात. एलईडी बॅटन बहुतांश प्रकाश खाली टाकतो. तो बसवल्यावर टेबलावर वाचायला काही कमी पडले नाही, पण छताचे कोपरे मात्र पूर्वीपेक्षा काळवंडलेले दिसू लागले. दुसरे म्हणजे ट्यूबची पट्टी दुरुस्त होते. स्टार्टर गेला तर स्टार्टर, चोक गेला तर चोक बदलावा, बाकी सारे तसेच राहते. एलईडी बल्बात एखादा बारीकसा भाग गेला की संपूर्ण बल्ब टाकून द्यावा लागतो, आणि हे मला अजूनही पटत नाही.

एलईडीच्या आयुष्याचे आकडेही जरा हात राखूनच घ्यावेत. खोक्यावरचे तास बहुधा प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात, आणि प्रत्यक्षात बल्ब मंद होण्याची वाट न पाहता त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारे आतले सर्किट, आधीच जातो, कारण त्यातील कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. माझ्याकडे एकाच वेळी आणलेल्या बल्बांपैकी काचेच्या बंद गोळ्यात लावलेला लवकर गेला आणि उघड्या होल्डरमधील अजून चालू आहेत. याला मोजमाप म्हणता येणार नाही. तरीही बराच वेळ लागलेला एलईडी बंद करून त्याच्या मानेला हात लावून पाहिला, तर उष्णता कोठे साठते ते कळते. बंद शेडमध्ये लावायचा असेल तर तसे चालते असे स्पष्ट लिहिलेलाच बल्ब घ्यावा.

राहिला पारा. सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो, पण नळी फुटली तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे लागते, तुकडे व्हॅक्यूम क्लीनरने न ओढता जाड कागदाने गोळा करावे लागतात आणि गेलेला दिवा रोजच्या कचऱ्यात टाकता येत नाही. याच कारणाने पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी छोट्या सीएफएलचे उत्पादन व आयात-निर्यात 2025 पर्यंत, तर सर्वसाधारण वापराच्या ट्यूबची 2027 पर्यंत थांबवायचे ठरवले आहे. चांगली नळी मिळणे यापुढे अवघडच होत जाणार.

म्हणून ज्यांना सगळे एकदम बदलायचे नाही, त्यांनी सर्वाधिक तास जळणारी ट्यूब आणि सर्वाधिक वेळा लागणारा सीएफएल हे दोन आधी काढावेत. उरलेले आपापल्या आयुष्याने जाऊ द्यायला हरकत नाही. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवणार असाल तर ती चोकसकट चालते की चोक वगळून थेट जोडावी लागते, हे आधी वाचून घ्यावे. पहिल्या प्रकारात चोक आपले वॅट खातच राहतो आणि दुसऱ्यात वायरिंग बदलावे लागते, जे जाणकाराकडूनच करून घ्यावे. या दोन्ही कटकटी टाळून पट्टीसकट नवा बॅटन लावणे मला अधिक सोयीचे वाटले.