वाय-फाय, जुनी केबल की नवी? बडोद्यात ऑफिस थाटताना

दांडिया बाजार, रावपुरा भागात जुनी जागा ऑफिसला घेतली की पहिला विचार येतो, वायर ओढायचा व्याप कशाला, दोन राउटर लावून मोकळं होऊ. अशा घरांच्या जाड विटांच्या भिंती वाय-फायचा वेगवान पट्टा, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पार खाऊन टाकतात. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे पोहोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (सिग्नलच्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या दुकानांचे राउटरही त्यांतच. शिवाय एका चॅनलवरची सगळी यंत्रं पाळीपाळीने बोलतात. मोबाईल आणि मीटिंगच्या टेबलासाठी वाय-फाय उत्तम. अकाउंटची मशीन, प्रिंटर, कॅमेरे मात्र मी त्यावर कधीच सोडणार नाही.

आधीच्या भाडेकरूची कॅट ५ई, म्हणजे जुन्या दर्जाची नेटवर्क केबल, भिंतीत असेल, तर ती उपटायची घाई करू नका. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट ती आरामात देते आणि वीस माणसांच्या ऑफिसला तेवढं पुरतं. मात्र तिची तपासणी हवी. अलकापुरीतल्या एका सीए ऑफिसात एक मशीन कित्येक महिने रखडत होतं. रॅम वाढवली, शेवटी नवं मशीन आणलं, तरी तेच. कपाट सरकवून आयओ बॉक्स (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) उघडला तेव्हा केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार पंचिंगमधून, म्हणजे ती दाबून बसवतात त्या खाचेतून, सुटलेली दिसली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन. त्यामुळे लाईन बंद पडली नव्हती, दहापट मंदावली होती, म्हणून कुणाला संशयही आला नाही. पुन्हा पंच करायला दहा मिनिटं लागली. पंच करताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू देऊ नये. घाईत नेमकं तिथेच बिघडतं.

नवी ओढायचीच असेल तर कॅट ६, म्हणजे पुढच्या दर्जाची केबल. ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही नेऊ शकते. कॅट ६ए ते पूर्ण १०० मीटर नेते, पण जाड असते, केसिंगमध्ये (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीत) वळत नाही. लहान ऑफिसने त्या भानगडीत पडू नये. खरा धोका स्वस्त केबलचा आहे. पेटी उचलून बघा, हलकी लागली तर तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अशा तारेचा रोध जास्त असतो. कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की ती तापते, आणि वाकवली की तुटते.

वीस माणसांपर्यंत मी जुनी ५ई तपासून ठेवेन, बिघडलेले पॉइंट तेवढे कॅट ६ने बदलेन आणि वाचलेले पैसे देखभालीला लावेन. दोन्ही टोकांना लेबल, रॅकच्या (सगळ्या केबल येतात त्या कपाटाच्या) दारावर पॉइंटचा तक्ता, विजेच्या वायरपासून वेगळा पाइप, दरवर्षी एकदा टेस्टर लावून केबलची तपासणी. लेबल नसलेली चांगली केबलही बिघाडाच्या दिवशी निरुपयोगी, कारण कुठली ओढायची हेच कळत नाही.

तळमजल्यावर जागा असेल तर रॅक डोक्याच्या उंचीवर ठोका. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा आणि त्याच्या हातभर वर खिळा मारा.