बँकेत एफडी मोडायला लावून विकलेली 'गॅरंटीड' पॉलिसी: एक स्टार

आमचे काका एसटीतून रिटायर झालेत, कराडला असतात, पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी बँकेत एफडीत ठेवले होते आणि त्याच्या व्याजावर नि थोड्याशा पेन्शनवर दोघा नवराबायकोंचं चाललेलं. पाच लाखांची एक एफडी मॅच्युअर झाली म्हणून रिन्यू करायला गेले तर काउंटरवरच्या मॅडमनी काचेच्या केबिनमधल्या साहेबांकडे पाठवलं, आणि काका घरी आले ते एक लाखाची इन्शुरन्स पॉलिसी घेऊन. बँकेचं नि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच प्लॅन थोड्याफार फरकाने सगळीकडे विकतात, रिव्ह्यू प्लॅनचा आणि विकायच्या पद्धतीचा आहे.

प्लॅन असा. वर्षाला एक लाख, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षाच्या शेवटी बावीस लाख मिळणार, गॅरंटीड. साहेबांनी कागदावर लिहून दाखवलं, दहाचे बावीस, म्हणजे १२० टक्के फायदा, भरायची वर्षं दहा, म्हणजे वर्षाला १२ टक्के, एफडीत तुम्हाला कोण देतं सांगा काका. आता हे गणित चौथीतल्या पोराला बरोबर वाटेल असं आहे पण ते चूक आहे, कारण पैसे दहा नाही, वीस वर्षं अडकतात आणि व्याजावर व्याज धरायला लागतं. एक्सेलमध्ये टाकून बघा, सव्वापाच टक्क्यांच्याही आत येतं. हेच लाख-लाख पीपीएफमध्ये टाकले आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला तर वीस वर्षांनी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात. गॅरंटी खरी आहे, त्यात खोटं काही नाही, फक्त गॅरंटी कसली आहे ते कोणी सांगत नाही.

बरं, काका ६२ वर्षांचे. पैसे मिळणार ८२ व्या वर्षी. पहिला हप्ता एफडीतून गेला, उरलेल्या चार लाखांतून पुढचे चार हप्ते "आपोआप निघतील" म्हणे, मग त्याच्या पुढचे पाच कुठून आणायचे? एसटीच्या पेन्शनमधून? ती पेन्शन किती असते ते एसटीवाल्यांच्या घरात विचारा. पाच लाख सरळ पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले असते तर ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी १०,२५० रुपये खात्यात आले असते, काकूंच्या औषधाचा प्रश्न मिटला असता. पण पोस्टातली स्कीम विकून साहेबांचं टार्गेट पूर्ण होत नाही ना.

फॉर्मची झेरॉक्स बघितली तेव्हा डोकंच फिरलं. विमा काकांच्या नावावर नाहीच, माझ्या चुलतभावाच्या नावावर, कारण काकांचं वय बसत नाही. काकांचा व्यवसाय 'बिझनेस', वार्षिक उत्पन्न सहा लाख. ईमेल आयडी कुणाचा तरी तिसऱ्याचाच. आणि कंपनीकडून खात्री करायला जो फोन येतो, त्यात विचारतात की एजंटने तुम्हाला हे एफडी आहे असं सांगितलं का, पॉलिसी समजली का, तर त्या फोनच्या आधी साहेबांनी पढवून ठेवलेलं की काका सगळ्याला फक्त हो म्हणायचं, एफडीचं काही विचारलं तर नाही म्हणायचं, नाहीतर प्रोसेस अडकते. काका बिचारे हो-नाही बरोबर म्हणाले. काका म्हणतात, साहेब लेकासारखा आहे.

हे सगळं एवढ्या जोरात का चालतं ते समजायला कमिशनचा हिशोब पुरेसा आहे. तिशीतल्या माणसाने एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, घेतला तर हप्ता वर्षाला साधारण बारा-पंधरा हजार, त्याच्यावर विकणाऱ्याला किती सुटणार. एक लाखाच्या एंडोमेंटवर, म्हणजे काकांना दिली तसल्या विमा नि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीवर, मात्र वर्षानुवर्षं पहिल्या हप्त्यातले ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनमध्ये जायचे, म्हणजे ३५ हजार! २०२३ पासून इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रत्येक प्रकाराची वेगळी मर्यादा काढून टाकली, आता एकूण खर्चाच्या मर्यादेत कंपनीने काय ते ठरवायचं. बँकेत तर कमिशन बँकेला जातं आणि केबिनमधल्या पोराला टार्गेट नि इन्सेंटिव्ह. त्या पोराची पण कीव येते, महिनाअखेरीला त्याला वरून काय ऐकायला लागत असेल. म्हणून काय आमच्या काकांच्या एफडीवर डोळा ठेवायचा? लॉकर पाहिजे तर पॉलिसी घ्या हा प्रकार पण ह्यातलाच, रिझर्व्ह बँकेच्या नियमात लॉकरसाठी फार तर तीन वर्षांचं भाडं नि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढी एफडी मागता येते, पॉलिसी नाही. २०२४ साली अर्थमंत्री निर्मला सीतारामनसुद्धा मुंबईत बँकवाल्यांसमोर बोलल्या की इन्शुरन्स गळ्यात मारल्याने लोकांचं कर्ज महाग पडतं. टार्गेट तरी चालूच.

सगळे एजंट असेच असं नाही म्हणत. आमच्याच गल्लीत एलआयसीचे एक एजंट आहेत, एंडोमेंट तेही विकतात, पण शेजारचे वारले तेव्हा क्लेमचे सगळे कागद स्वतः फिरून जमवले होते त्यांनी. केबिनमधले साहेब बदली होऊन गेले की विषय संपला.

आता पैसे परत कसे मिळाले ते. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करायची मुदत, २०२४ च्या नियमांपासून सगळ्यांना ३० दिवस. बँकेत गेलो तर साहेब मीटिंगमध्ये, मग सर्व्हर डाउन, मग "इथून होत नाही, एक वर्ष चालवून बघा". हा सगळा दिवस घालवायचा डाव. बँकेचा नाद सोडून सरळ कंपनीला पॉलिसी नंबर टाकून ईमेल केला, फ्री लुक कॅन्सलेशन असं स्पष्ट लिहून, काकांच्या सहीचं पत्र नि कॅन्सल चेक जोडून. स्टॅम्प ड्युटी आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी पैसे खात्यात आले. त्या मधल्या काळात साहेबांचे काकांना रोज फोन, काका असं काय करता, माझी नोकरी जाईल.

३० दिवस उलटले असतील तर अवघड आहे, पण सगळं संपत नाही. आधी एका वर्षाचा हप्ता भरून सोडली की हातात शून्य यायचं, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत पहिलं वर्ष पूर्ण झालं की काहीतरी परत मिळतं. फसवून विकली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, इर्डाच्या बिमा भरोसा ह्या तक्रारींच्या पोर्टलवर पण टाका, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. साहेबांनी गणित लिहून दिलेला तो कागद टाकून देऊ नका, व्हॉट्सॲपवरचे मेसेज पण डिलीट करू नका.