प्रार्थनासभेत भेटलेला एजंट

वास्कोत आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक घरगुती प्रार्थनासभा भरते. बहुतेक घरे बंदराच्या किंवा रेल्वेच्या नोकरीनिमित्त घाटावरून येऊन इथेच स्थिरावलेली. या सभेत आलेल्या एका गृहस्थाने, भाच्याला क्रूझ जहाजावर नोकरी लावून देतो असे सांगून, माझ्या ताईकडून 1,80,000 रुपये उकळले. गोव्यात तारवटी, म्हणजे जहाजावरचा नोकरदार, होण्याची ओढ घरोघरी असल्यामुळे असे सावज त्याला कुठेही मिळेल, म्हणून हे लिहीत आहे.

त्याची साक्ष, म्हणजे देवाच्या अनुभवाचे कथन, ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. शास्त्रातली वचने त्याला मुखोद्गत होती आणि प्रार्थनेत तो प्रत्येकाच्या आजारपणाचा नावानिशी उल्लेख करी. त्याच काळात सभेतील एक विधवा आजी चिखलीच्या रुग्णालयात होत्या. त्यांच्यासाठी तो दर सभेत गहिवरून प्रार्थना करीत असे, पण त्यांच्या खाटेपाशी एकदाही फिरकला नाही. सभेत क्वचितच बोलणारी, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई मात्र रोज कामावर जाण्याआधी त्यांना पेजेचा डबा पोचवीत होती. शब्दाने किंवा जिभेने नव्हे, तर कृतीने प्रीती करावी, हे बायबलमधील योहानाचे सांगणे त्या डब्यात होते.

ताईने पावती मागितली, तेव्हा त्याने खिशातल्या डायरीचे पान फाडून वर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे लिहिले आणि खाली फक्त रक्कम टाकली. संस्थेचे नाव, परवाना क्रमांक, सही, काहीच नाही. “ताई, विश्वासात कसली आली पावती?” असेही वर म्हणाला. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल गरिबांसाठी जमवलेली देणगी नेताना मंडळ्यांनी (ख्रिस्ती समुदायांनी) निवडलेला बंधू सोबत घेतो, कारण केवळ प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा, अशी त्याची काळजी आहे. ज्याला हिशेब विचारल्याचा राग येतो, त्याचा विश्वास पौलापेक्षा मोठा खासच नसतो. ‘डिडाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या नियमग्रंथात तर स्पष्टच म्हटले आहे, की आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा संदेष्टा होय. इतर गरजवंतांसाठी मागणाऱ्याला मात्र दोष देऊ नये.

पुढे व्हिसा अडकला, मग प्रभू परीक्षा पाहत आहे, आणि शेवटी फोन बंद. जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरती व नियुक्ती सेवेचा) परवाना लागतो, परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास नियमाने मनाई आहे. एवढे ठाऊक असले, तरी असा माणूस पहिल्याच मागणीला उघडा पडतो.

ताईने पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे दिलेली आणखी काही कुटुंबे पुढे येत नाहीत, कारण विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर तक्रार करू नये, असे त्यांना वाटते. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की करिंथकरांस पहिल्या पत्राचा 6वा अध्याय पूर्ण वाचावा. पौल तिथे भावांमधले तंटे मंडळीतच मिटवा म्हणतो आणि त्याच ओघात भावांना लुबाडणाऱ्यांनाही खडसावतो. हा माणूस तर मंडळीसमोर यायलाच तयार नाही. ज्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले आहेत, त्यांनी व्यवहाराचे तपशील आणि त्याचे संदेश जपून ठेवावेत, 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि ताईसोबत जबाब नोंदवावा.